मासेमारीबंदी आणि तव्यावरचा सुरण

'प्लांट बेस्ड फिश' म्हणून जे महागडं पाकीट आता दुकानात मिळतं, ते कोकणातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी करत आल्यात. नाव तेवढं इंग्रजी नव्हतं.

पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यात श्रावण. मग सुरण, नाहीतर नीरफणस. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खवखवतो. म्हणून काप आमसुलाच्या पाण्यात अर्धवट उकडायचे. मग हळद, मीठ, हिंग, मिरचीपूड चोळून रव्या-तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि खोबरेल तेलात तळायचे. सुरमईला जे करतो तेच. मुगागाठीच्या आमटीत तिरफळं पडली की बांगड्याच्या तिखल्याचा वास घरभर! (यातली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या काळात आलेली, हे 'अस्सल परंपरा'वाल्यांनी लक्षात घ्यावं.)

आता मुद्द्याचं. जुने कोळी नारळी पुनवेला नारळ वाहून मगच दर्यावर जात. ही पुनव बहुतेक ऑगस्टात येते. यांत्रिक बोटींवरची सरकारी बंदी मात्र १ जून ते ३१ जुलै. म्हणजे दर्या अजून खवळलेला, मासळीची पिल्लं पुरती वाढलेली नाहीत, आणि ट्रॉलर बाहेर! बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या, ही मागणी मच्छीमारांच्यातूनच कितीदा आलीय. मला ती पटते. बंदीच्या दिवसांत हातावर पोट असलेल्या खलाशांना भरपाई हवी, हेही तितकंच खरं. आपलं खवय्यांचं काय, पंधरा दिवस आणखी सुरण तळू.