अवटू ग्रंथी, आयोडीन आणि मीठ : रायगडच्या मिठागरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शरीराची वाढ, चयापचय व पुनरुत्पादन या क्रियांचे नियमन अंतःस्रावी ग्रंथी संप्रेरकांद्वारे करतात. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी सिक्रेटिनचा शोध लावला आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा रूढ केली. या ग्रंथींपैकी अवटू ग्रंथीचा इतिहास मिठाशी निगडित आहे. पेण, उरण व पनवेल परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालत आली. रोह्याची कुंडलिकाही खाडीलाच मिळते. त्यामुळे ‘समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच’ असा समज या भागात सहज रुजतो. हा समज कितपत शास्त्रीय आहे आणि मिठाविषयीचा कायदा कसा घडत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ग्रंथीचे कार्य :
अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात असते. तिच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटू ग्रंथीला उद्दीपित करते. ते पुरेसे झाले की उद्दीपन मंदावते. आहारात आयोडीनच नसेल तर उद्दीपन चालूच राहते आणि ग्रंथी आकाराने वाढते. हाच गलगंड होय. गर्भावस्थेतील तीव्र कमतरतेमुळे बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते व ही हानी भरून येत नाही. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज मात्र केवळ १५० मायक्रोग्रॅम आहे.

संशोधनाचा प्रवास :
गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. कारणाचा उलगडा मात्र आधुनिक काळातच झाला. १८११ मध्ये कुर्त्वा यांना समुद्रवनस्पतींच्या राखेत आयोडीन सापडले. १९१४ मध्ये केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मिठाचा वापर सुरू झाला. भारतात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात तीन विभाग करून प्रयोग केला. दोन विभागांना आयोडीनयुक्त व एकास साधे मीठ देण्यात आले. आयोडीन मिळालेल्या विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

मिठागर आणि आयोडीन :
भरतीचे पाणी आगरात घेऊन उन्हाने आटवले जाते व मिठाचे स्फटिक वेचले जातात. मुळात समुद्राच्या पाण्यात आयोडीन अल्प असते. त्यातील काही हवेत निघून जाते, तर बरेचसे स्फटिकांऐवजी मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहते. परिणामी आगरातील साध्या मिठातून शरीराची गरज भागत नाही. मासळीतून काही आयोडीन मिळते. परंतु ते प्रत्येक घरात, प्रत्येक ऋतूत सारखे मिळत नाही.

कायद्याची वाटचाल :
साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर लागू झालेली बंदी व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर २००० मध्ये उठविण्यात आली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतील ही तरतूद मूळ कायद्याशी विसंगत ठरविली. तथापि पर्यायी व्यवस्थेसाठी ती सहा महिने चालू ठेवली. त्याच वर्षी अन्नसुरक्षा विनियमांत ही बंदी समाविष्ट झाली. उत्पादनस्थळी दशलक्ष भागांत ३० व ग्राहकापर्यंत पोहोचताना १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. आयोडीनीकरणासाठी, मासळी खारवण्यासाठी वा उद्योगासाठी साधे मीठ विकता येते.

समारोप :
सारांश, समुद्राचे सान्निध्य म्हणजे आयोडीनची हमी नव्हे. कायद्याने ग्राहकाचे आरोग्य जपले. मात्र आपले मीठ थेट खाण्यासाठी विकण्याचा छोट्या आगरवाल्याचा पारंपरिक मार्ग बंद झाला. मिठागरात पिकलेले मीठ जागेवरच आयोडीनयुक्त करण्याची सोय छोट्या उत्पादकांना परवडेल अशा रीतीने उपलब्ध झाल्यास आरोग्य व उपजीविका या दोन्ही हितांचा मेळ घालता येईल. अन्यथा मुलांच्या बुद्धीचे रक्षण करणाऱ्या कायद्याची किंमत एकट्या आगरवाल्यानेच मोजल्यासारखे होईल.