निकितिनच्या वहीतलं आळंद

मुरूममध्ये समुद्राचा विषय काढला तर लोक आधी हसतील. आमच्याकडे पाणी म्हणजे बोअरचं, नाहीतर टँकरचं. कोकण किनारा इथून शेकडो किलोमीटर लांब. जवळ आहे ते आळंद. जिल्ह्याची आणि राज्याची हद्द ओलांडली की कलबुर्गी जिल्हा लागतो, तिथलं तालुक्याचं गाव. तिथे लाडले मशायख यांचा दर्गा आहे. शेख अलाउद्दीन अन्सारी हे त्यांचं नाव. नवस फेडायला इकडची मराठी बोलणारी माणसंही तिथे जातात.

या आळंदच्या बाजाराचं वर्णन साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका रशियन वहीत आहे, आणि ती वही समुद्रप्रवासाची आहे.

लिहिणाऱ्याचं नाव अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर शहरातला व्यापारी. तो भारतात आला १४७०च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या आधी पाव शतक. त्याला कुठल्या राजाने धाडलं नव्हतं. माल घेऊन व्होल्गा नदीतून खाली निघाला, आस्त्राखानजवळ लुटला गेला, हात हलवत घरी परतायची लाज वाटली म्हणून पुढेच जात राहिला. कास्पियन ओलांडून इराण, तिथून होर्मुझ बंदर. होर्मुझहून तो एका घोड्यासह जहाजावर चढला. जहाजाला तो 'तावा' म्हणतो, समुद्राला 'दर्या'. मस्कत, गुजरात, खंबायत करत सहा आठवड्यांनी चौलला उतरला. चौल म्हणजे आपल्या रेवदंड्याला लागून असलेलं जुनं बंदर. रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे. त्याच्यावर 'परदेसी' नावाचा सिनेमाही निघाला होता, नर्गिस आणि बलराज साहनी यांचा.

घोडाच का? दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नसे. इथे बैल आणि म्हशी होतात, घोडे नाहीत, असं तोही नोंदवतो. बहमनी आणि विजयनगर एकमेकांशी लढत होते आणि दोघांनाही घोडे हवे होते, ते यायचे अरबस्तान-इराणातून जहाजाने. आपल्या शंभर रूबलच्या घोड्यावर निकितिनने सगळी आशा लावली होती.

चौलहून घाट चढून तो जुन्नरला आला. पावसाळा लागला होता. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. घोड्यांना इथे हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही लिहितो. खिचडीसाठी त्याने खिचडी हाच शब्द ठेवलाय, रशियन लिपीत.

जुन्नरलाच घात झाला. हा मुसलमान नाही असं कळल्यावर तिथल्या असद खानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर दोन्ही गेलं. मुदत चार दिवसांची. मुदत संपायच्या आत एक खुरासानी सरदार आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सुटला. सोडवणारा मुसलमानच होता, हे निकितिनने लपवलेलं नाही. पुढे बीदरला तो घोडा विकला, पण वर्षभर पोसायचा खर्चही वहीत टिपला. व्यापारीच शेवटी.

बीदर तेव्हा बहमनी राजधानी होती. आमचा सगळा मुलूख त्याच सुलतानाचा. बीदरपासून बारा कोसांवर, शेख अलाउद्दीनच्या नावाने वर्षातून एकदा बाजार भरतो, असं वही सांगते. (त्याचा कोस आपल्या कोसापेक्षा बराच मोठा असणार, नाहीतर आळंद एवढं जवळ येत नाही.) दहा दिवस बाजार, हिंदुस्थानभरचे लोक, विकायला वीस हजारांपर्यंत घोडे. वीस हजार हा आकडा मला फुगवलेला वाटतो. बाजारात ऐकलेले आकडे फुगतातच. पण एवढ्या मुलखातला हा सर्वांत चांगला बाजार, असं तो म्हणतो, आणि ते म्हणणारा माणूस होर्मुझ बघून आलेला होता.

पुढच्याच ओळींत आळंदचा एक पक्षी येतो, 'गुकुक'. रात्री उडतो, कुक-कुक ओरडतो, ज्याच्या घरावर बसेल त्या घरात माणूस जातो, मारायला गेलं तर तोंडातून आग काढतो. आग सोडली तर बाकी सगळं आमच्याकडच्या म्हाताऱ्या आजही घुबडाबद्दल सांगतात. ही गोष्ट त्याला कुणीतरी शेजारी बसून सांगितली असणार. आपण मुसलमान नाही हे बीदरमध्ये त्याने हिंदूंना सांगून टाकलं, तेव्हापासून ते त्याच्यापासून काही लपवेनासे झाले, असं तो लिहितो.

वहीचा खरा जीव मात्र दुसरीकडेच आहे. वाटेतल्या लुटीत त्याच्या धर्माची पुस्तकं गेली होती. ईस्टर कधी, उपवास कधी, काही कळेना. तो आकाशात कृत्तिका आणि मृग कुठे आलेत हे बघून सण ठरवू लागला. रमजानचे रोजेही धरले. लिहिता लिहिता तुर्की, फारसी, अरबी शब्द रशियन अक्षरांत येऊ लागले. नाजूक गोष्टी तर बऱ्याचदा परभाषेतच, आणि वही संपते ती अरबी वळणाच्या प्रार्थनेने. तो बाटला की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात. मला तो घाबरलेला वाटतो. आपण कोण होतो हे विसरू नये म्हणून लिहिणारा.

परतीला दाभोळहून जहाज धरलं. महिनाभर काही दिसलं नाही, मग दिसले ते हबशी डोंगर, म्हणजे जहाज भरकटून आफ्रिकेला लागलं होतं. किनाऱ्यावरच्यांना तांदूळ, मिरी आणि भाकरी देऊन जहाज लुटीतून वाचवलं. मस्कतला त्याने सहावा ईस्टर मोजला, अर्थात अंदाजाने. पुढे तब्रीझ, काळा समुद्र, आणि घराची वाट.

घर आलं नाही. स्मोलेन्स्कला पोहोचायच्या आधीच तो वारला. १४७५मध्ये काही व्यापाऱ्यांनी त्याच्या हातच्या वह्या मॉस्कोत आणून ममिरेव नावाच्या दरबारी कारकुनाकडे दिल्या. मूळ वह्या आज नाहीत. बखरींमध्ये उतरवलेल्या नकला आहेत, आणि त्या नकलांत आळंदच्या घुबडाची कुक-कुकही आहे.