चौकोनी शेपटीचा काडू

जानेवारीतली सकाळ. मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाच्या खालच्या अंगाला, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या मळ्यात तुम्ही घोटाभर चिखलात उभे आहात. पाटाचं पाणी इतकं गार की पावलं बधिर झाली आहेत. मेरेला लागून, बोटभर पाण्याखाली, चिखलाच्या बारीक गोळ्यांची एक चिमुकली रास दिसते. तिच्या मधोमध एक तांबूस टोक वर आलेलं आहे. तुम्ही वाकता, तुमची सावली पडते आणि टोक क्षणात आत जातं.

तुम्ही दोन्ही हातांनी चिखल उपसता. ओंजळीत वळवळणारा जीव पाहून शेजारच्या कोपऱ्यात तरवा लावणारी आजी कमरेतून सरळ होते.

"काडू तो. सोड तेका, उन्हात मरतलो."

"सोडतंय गे आजी, जरा बघतंय."

काडू म्हणजे गांडूळ. पाटाच्या पाण्यात त्याला धुऊन तुम्ही चिमटीत धरता. पुढचा भाग गोल आहे, पण मागे बोट सरकवलं की कडा लागतात. एक, दोन, तीन, चार. शेपटी चौकोनी आहे, सुताराने तासलेल्या काडीसारखी. शाळेच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ताटलीत टाचण्या टोचून ठेवलेलं गांडूळ तुम्हाला आठवतं. ते फेरेटिमा. त्याच्या चौदाव्या ते सोळाव्या वलयावर गुळगुळीत मेखला होती आणि प्रत्येक वलयाभोवती राठ केसांचं पूर्ण कडं. इथे एका वलयावर केसांच्या फक्त चार जोड्या. मेखला बरीच मागे सुरू होते आणि पुष्कळ वलयांवर पसरते. तिच्या दोन्ही बाजूंनी कातडीची एकेक उभी, पातळ घडी निघालेली आहे, लुगड्याच्या काठासारखी. अभ्यासक तिला पंख म्हणतात. पिल्लाला ते नसतात. जीव वयात आला की फुटतात.

या पंखांवरून प्रजात ओळखता येते: ग्लिफिड्रिलस. पण नेमकी जात सांगायची तर पंख कितव्या वलयावर सुरू होतात आणि कितव्यावर संपतात, हे मोजावं लागतं. तुम्ही डोकं खाली घालून मोजायला लागता. सात, आठ, नऊ… आणि आकडे मागे मागे नेऊ लागतात.

1922. हॅम्बुर्ग. पायांखालचा चिखल गेला, लाकडी जमीन आली. खोलीत स्पिरिटचा वास आहे. भिंगावर ओणवे झालेले गृहस्थ म्हणजे गांडुळांचे अभ्यासक विल्हेल्म मिकेलसन. 1889 मध्ये लायडनच्या होर्स्ट यांनी, माक्स वेबर यांनी आजच्या इंडोनेशियातून आणलेल्या नमुन्यांवरून, ग्लिफिड्रिलस ही प्रजात उभी केली. भारतातल्या एका जातीचं नामकरण मिकेलसन यांनी 1910 मध्ये केलं: ग्लिफिड्रिलस ॲनंडेली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नेल्सन ॲनंडेल यांचं नाव त्यांनी तिला दिलं.

त्यांच्या खांद्यावरून तुम्ही उघडलेलं शरीर पाहता. सातव्या ते अकराव्या वलयांत हृदयांच्या पाच जोड्या. दहाव्या-अकराव्यात वृषणं, तेराव्यात बीजकोश. नर आणि मादी एकाच देहात. फेरेटिमात ठळक दिसणारी प्रोस्टेट ग्रंथी इथे नाही. शेपटीच्या पातळ त्वचेखाली मात्र रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, आणि मघाचं ते तांबूस टोक तुम्हाला आता कळतं. कुजक्या चिखलात प्राणवायू नसतो. म्हणून हा तोंड खाली घालून माती खातो आणि शेपटी वर काढून श्वास घेतो. याचा आफ्रिकी भाऊबंद अल्मा तर युगांडाच्या पपायरसच्या दलदलीत शेपटीची पन्हळ करून हवा खाली नेतो.

मिकेलसन यांच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे. अल्मा आफ्रिकेत. ड्रिलोक्रियस दक्षिण अमेरिकेत. ग्लिफिड्रिलस आशियात आणि पूर्व आफ्रिकेतही. सारे एकाच कुळातले, अल्मिडी. खारं पाणी यांना मारतं, मग हे महासागर ओलांडून गेले कसे? वेगेनर यांचा भूखंडवहनाचा विचार अनेक भूवैज्ञानिकांना अजून पटलेला नाही. पण याच वर्षी मिकेलसन गांडुळांचा प्रसार त्या विचाराच्या उजेडात मांडत आहेत. खंडच सरकले असतील, तर गांडुळाला पोहायची गरज काय?

पुढचं वलय. 1911. साताऱ्याकडची येण्णा नदी. उन्हात तापलेल्या दगडांमध्ये एक डोह आहे. काठावर सव्वीस वर्षांचा तरुण गुडघे टेकून बसला आहे. हे शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म 18 नोव्हेंबर 1884, गाव मालवण. ज्या मातीतून तुम्ही आलात, तिथलेच. त्यांच्या भांड्यात काचेसारख्या इवल्या छत्र्या उघडझाप करत आहेत: गोड्या पाण्यातले जेलीफिश. ही प्रजात तोवर आफ्रिकेतलीच मानली जात होती. ॲनंडेल इथल्या या जातीला लिम्नोक्निडा इंडिका म्हणतील. पुढे 1946 मध्ये आघारकर पुण्यात संशोधन संस्था उभी करतील, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण या क्षणी ते फक्त पाण्यात पाहत आहेत, श्वास रोखून. तुम्हाला त्यांना सांगावंसं वाटतं की धामापूरच्या मेरेतही आफ्रिकेचं एक नातं आहे.

पुढचं वलय. 1530. पुन्हा धामापूर, पण तलाव अजून व्हायचा आहे. नागेश देसाई यांच्या देखरेखीखाली दोन डोंगरांमध्ये बांध चढतो आहे. माणसांच्या रांगा डोक्यावरून माती वाहतात, टोपलीमागून टोपली. बांधावर माती पडते, पाय ती तुडवतात. बांध नवा, तलाव नवा. व्हाळाच्या काठचा चिखल मात्र या सगळ्यांहून जुना आहे.

किती जुना, ते पाहायला तुम्ही उरलेली वलयं एकदम ओलांडता.

वीस कोटी वर्षांपूर्वी. भात नाही, गवत नाही, एकही फूल नाही. नेचे आहेत, सूचिपर्णी झाडं आहेत आणि ओल आहे. समुद्राची गाज ऐकायला तुम्ही पश्चिमेकडे कान देता, पण समुद्रच नाही. पुढे जिथे सिंधुदुर्ग किल्ला उभा राहील तिथून चालत सुटलात तर मादागास्कर लागेल, त्यापलीकडे आफ्रिका, त्यापलीकडे दक्षिण अमेरिका. पाय कोरडेच राहतील. गांडुळांचं कूळ तेव्हाही माती खात होतं. मग जमीन फाटली. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही सुटलं आणि फटीत खारं पाणी शिरलं. मालवणचा दर्या, ज्याला आपण अनादी समजतो, तो असा नंतर आला.

हातावरचा काडू आकसतो आणि तुम्ही परत मळ्यात येता. त्याची कातडी सुकायला लागली आहे. पंख कितव्या वलयावर संपतात, ते मोजायचं राहूनच गेलं. आता ते मोजायला त्याला बाटलीत घालावं लागेल. तुम्ही मेरेच्या कडेला बोटाने भोक करता आणि त्याला सोडता, तोंड खाली, शेपटी वर. चिखल त्याच्यावर मिटतो.

"गेलो?" आजी विचारते.

"गेलो."

ती पुन्हा वाकते. बाजूचे दोन कोपरे पडीक आहेत, गवताने भरलेले. तिचा कोपरा तेवढा पाण्याने लखलखतो आहे. तुम्ही बराच वेळ हलत नाही. मग ते तांबूस टोक हळूच वर येतं. तेव्हा कुठे तुम्ही पाऊल उचलता, आणि खाली ठेवण्याआधी पाणी निवळू देता.