भेटकार्डामागचे हात

दिवाळीची सुट्टी लागण्याआधीचे दोन-तीन दिवस आठवून पाहा. अभ्यासात कोणाचेच लक्ष नसते. मग आपण मुलांना म्हणतो, "चला, आज शुभेच्छापत्रे करू या." कोणी घरून भेंडी आणते, कोणी अर्धा कापलेला बटाटा. बटाट्यावर ब्लेडने फूल कोरले जाते, ते रंगात बुडवून कागदावर उमटवले जाते. कोणी कागदाच्या घड्या घालून कात्रीने जाळी काढतो. तासाभरात वर्गभर रंग, चिकटपट्ट्या आणि कागदाचे कपटे झालेले असतात, पण प्रत्येकाच्या हातात स्वतःचे कार्ड असते.

हाताने केलेले कार्ड म्हणजे जुनी आणि साधीसुधी गोष्ट, दुकानातले छापील कार्ड मागाहून आले, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षातला इतिहास इतका सरळ नाही. शिक्के, कागदाची जाळी आणि चिकटवलेली फुले यांची कार्डे ज्या काळात लोकांच्या हाती पडू लागली, तो काळ वाफेच्या यंत्रांचा आणि कारखान्यांचा होता. त्या कार्डांमागे टपालखात्याचा एक निर्णय होता, कागदाच्या तंतूंचा एक गुणधर्म होता आणि रबराच्या रसायनशास्त्रातला एक शोध होता. शिवाय बऱ्याच बायकांचे हात होते.

लिफाफ्याचेही पैसे

१८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्र पाठवणे ही महागडी गोष्ट होती. टपालाचा दर अंतरावर ठरे. पत्रात किती कागद आहेत तेही मोजले जाई. एका कागदाला एक दर, दोन कागदांना दुप्पट. पत्र लिफाफ्यात घातले तर लिफाफा हाही एक कागद धरला जाई! म्हणून लोक लिफाफा वापरतच नसत. एकाच कागदावर मजकूर लिहायचा, त्याचीच घडी घालायची, वर लाखेचे बोट लावायचे आणि पाठीवर पत्ता घालायचा. पैसे बहुधा पत्र घेणारा देई. अशा व्यवस्थेत आत नक्षीचे कार्ड घालून वर लिफाफा चढवण्याची चैन फार थोड्यांना परवडणारी होती.

रोलंड हिल या गृहस्थाने ही पद्धत बदलावी म्हणून चळवळ केली. तो काही काळ शिक्षक होता, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. त्याचा मुद्दा हिशेबाचा होता. पत्र एका गावाहून दुसऱ्या गावी वाहून नेण्याचा खर्च अगदी थोडा असतो. खरा खर्च होतो तो अंतर पाहून दर ठरवण्यात, कागद मोजण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात. तेव्हा अंतर विसरा, वजनावर दर ठेवा आणि पैसे आधी घ्या. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. मे महिन्यात टपाल तिकिटे आली. १८३९ साली ब्रिटनमध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० साली ती सुमारे १६ कोटी ९० लाख झाली.

या आकड्यांतून सुटणारी एक गोष्ट आहे. कागदांची संख्या मोजणे बंद झाले आणि वजन मोजणे सुरू झाले. आता एका पत्रात कागदाचे चार थर असले तरी चालणार होते, ते हलके असले म्हणजे झाले. कागदाच्या जाळीला याहून चांगला मुहूर्त कोणता मिळणार?

कागदाची जाळी

लंडनचे कागदविक्रेते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून उठावाच्या नक्षीचे कागद विकत होते. पोलादी ठशावर नक्षी खोलगट कोरायची, त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि दाबयंत्राने दाबायचा. कागद ठशाच्या खळग्यांत शिरतो आणि नक्षी उठून दिसते. डॉब्स हे अशा कागदांसाठी गाजलेले नाव. याच डॉब्सकडे जोसेफ ॲडनब्रुक नावाचा कारागीर होता. १८३४ च्या सुमारास त्याने असा दाबलेला कागद ठशावरच असताना त्याच्या उंचवट्यांवरून कानस फिरवली आणि उंचवटे झिजून तेथे भोके पडली, असे सांगतात. उरला तो जाळीचा कागद. सुताच्या लेससारखा दिसणारा, पण पैशाच्या हिशेबात कितीतरी स्वस्त.

हे का घडते? कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा दाबलेला गुंता. तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी लागले की हे बंध सैल होतात, तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, म्हणून ओलसर कागद ठशाचा आकार घेतो. वाळताना बंध पुन्हा जुळतात आणि नवा आकार पक्का होतो. त्या काळी कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून होत असे. त्याचे तंतू लांब असत, म्हणून तो इतका ताण सोसूनही फाटत नसे. जेथे कागद ताणला जातो तेथे तो पातळही होतो. कानस फक्त उंचवट्यांना लागते आणि उंचवटेच सर्वात पातळ असतात.

हा प्रयोग वर्गात करता येतो. जाड पुठ्ठ्यावर मसुराच्या डाळीचे दाणे, सपाट बाजू खाली येईल असे, डिंकाने चिकटवून नक्षी करा. डिंक नीट वाळू द्या. चित्रकलेच्या वहीतला कागद किंचित ओला करून दाण्यांवर ठेवा आणि फडक्याने सगळीकडून हलके दाबा. कागद तेथेच पूर्ण वाळू द्या. मग तो न उचलता बारीक पॉलिशपेपर अलगद फिरवा. दाण्यांच्या माथ्यावर आधी कागद लवदार होईल, मग भोके पडतील. वर्तमानपत्राचा कागद आणि चित्रकलेचा कागद असे दोन्ही वापरून पाहा. कोणता आधी फाटतो? का?

छापील कार्ड हात वाचवण्यासाठी

१८४३ साली लंडनमध्ये नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र निघाले. ते काढणारा हेन्री कोल हा एका पेनीच्या टपालासाठी झटणाऱ्यांपैकी एक होता. टपाल स्वस्त झाले तशी नाताळात पत्रे लिहिण्याची प्रथा वाढली, आणि सगळ्यांना हाताने उत्तरे लिहिण्याइतका वेळ कोलजवळ नव्हता. म्हणून त्याने जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. सुमारे हजार प्रती शिळाछापावर छापल्या गेल्या आणि त्यांत रंग मात्र हाताने भरले गेले. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांच्या टपालाइतकी. चित्रात एक कुटुंब प्याले उंचावते आहे आणि एक लहान मूलही पेय घेते आहे, म्हणून दारूबंदीवाल्यांनी टीका केली ती वेगळीच.

पहिले 'छापील' कार्डसुद्धा असे निम्मे हाताचेच होते. आता उलट बाजू पाहू.

एस्थर हाउलंडचे टेबल

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉर्सेस्टर नावाचे गाव आहे. तेथे हाउलंड यांचे पुस्तकांचे व कागदसामानाचे दुकान होते. त्यांची मुलगी एस्थर (१८२८–१९०४) हिने १८४७ साली माउंट होलिओक येथील स्त्रियांच्या विद्यालयातले शिक्षण संपवले. हे विद्यालय मेरी लायन यांनी १८३७ साली सुरू केले होते, आणि त्या स्वतः मुलींना रसायनशास्त्र शिकवत. त्या सुमारास एस्थरला इंग्लंडहून आलेले व्हॅलेंटाइन दिनाचे एक कार्ड पाहायला मिळाले. जाळीचा कागद, रंगीत फुले, मध्ये छोटा लिफाफा आणि त्यात चिठ्ठी. असे आपल्यालाही करता येईल, असे तिला वाटले.

वडिलांनी इंग्लंडहून जाळीचा कागद मागवून दिला. तिने डझनभर नमुने केले. तिचा भाऊ दुकानासाठी गावोगाव फिरे. तो ते नमुने बरोबर घेऊन गेला. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ परतला तो पाच हजार डॉलरची मागणी घेऊन, असे सांगितले जाते.

इतकी कार्डे एकटीने करणे शक्यच नव्हते. मग घरातल्या वरच्या मजल्यावर एक लांब टेबल मांडले गेले आणि मैत्रिणी कामाला बोलावल्या गेल्या. कामाची वाटणी ठरली. एकीने रंगीत चित्रे कापायची, दुसरीने पार्श्वभूमीचा कागद मांडायचा, तिसरीने जाळी चिकटवायची, आणि असेच पुढे. एस्थर प्रत्येक नमुना स्वतः करी आणि बाकीच्या त्याबरहुकूम काम करीत. जाळीखाली चमकदार रंगीत कागदाचा तुकडा लावून नक्षी खुलवणे ही तिच्या कार्डांची खूण. कागदाच्या घडीदार पट्ट्यांवर थर उचलून ती कार्डाला खोलीही देई. कार्डामागे तांबड्या शाईत 'एच' हे अक्षर असे.

हेन्री फोर्डच्या मोटारींचा सरकता पट्टा १९१३ सालचा. कामाचे तुकडे करून ते हातोहात पुढे सरकवण्याची कल्पना त्याच्या कितीतरी आधी या टेबलावर राबत होती. पुढे तिच्या धंद्याची वार्षिक उलाढाल एक लाख डॉलरपर्यंत गेल्याचे सांगतात. १८८१ च्या सुमारास आजारी वडिलांच्या सेवेसाठी तिने धंदा जॉर्ज व्हिटनी यांच्या कंपनीला विकला.

ज्या काळात सुशिक्षित मुलीपुढे शिक्षिका होणे किंवा लग्न करणे याखेरीज फारसे मार्ग नव्हते, त्या काळात एका तरुणीने स्वतःचा धंदा उभारला आणि इतर स्त्रियांना रोजगार दिला. हे मोठेच काम होते. पण त्याच कार्डांच्या मागे एकच अक्षर होते. कापणाऱ्या, मांडणाऱ्या, चिकटवणाऱ्या हातांची नावे त्यावर नव्हती. घेणाऱ्याला मात्र वाटे की हे कोणीतरी खास आपल्यासाठी बसून केले आहे.

दंतवैद्याचे भांडे आणि रबरी शिक्का

आज हौसेने कार्ड करणाऱ्यांच्या हाती रबरी शिक्का असतो. त्याची कथा वेगळ्याच दिशेने आली. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ताठर. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला आढळले की गंधक मिसळून तापवलेले रबर दोन्ही ऋतूंत टिकते. १८४४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात, म्हणून ताणलेले रबर पुन्हा मूळ जागी येते, हे आज आपण शिकवतो.

गंधक अधिक घातले की रबर कडक होते. या कडक रबरापासून दंतवैद्य कवळीची बैठक करू लागले. प्लॅस्टरच्या साच्यात रबर भरायचे आणि साचा वाफेच्या बंद भांड्यात तापवायचा. आपल्या प्रेशर कुकरसारखेच हे भांडे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या काही खटपट्यांच्या लक्षात आले की दातांच्या जागी अक्षरे ठेवली तर? खिळ्यांचा मजकूर जुळवून त्याचा प्लॅस्टरमध्ये साचा घेतला, त्यात मऊ प्रकारचे रबर दाबले आणि दंतवैद्याच्या भांड्यात तापवले. शिक्का तयार!

धातूचा ठसा साध्या हाताने नीट उमटत नाही, त्याला यंत्राचा दाब लागतो. रबर मात्र कागदाच्या उंचसखलपणाप्रमाणे स्वतःच दबते, म्हणून मुठीचा जोर पुरतो. दाबयंत्राचे काम मनगटावर आले. बटाट्याचा ठसा लहान मुलालाही जमतो, त्याचे कारणही थोडेफार हेच.

लाखेचे तिकीट

उठावाचा कागद आपल्याकडेही आला, तो टपालाच्याच वाटेने. सर बार्टल फ्रिअर हे साताऱ्याला रेसिडेंट आणि नंतर कमिशनर होते. पुढे ते सिंधचे कमिशनर झाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १ जुलै १८५२ रोजी त्यांनी तेथे अर्ध्या आण्याची तिकिटे सुरू केली, ती 'सिंध डाक' या नावाने ओळखली जातात. पहिली तिकिटे लाल लाखेच्या चकतीवर ठसा उठवलेली होती. लाख ठिसूळ, ती तडकून तुकडे होत. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव करून पाहिला, पण तो दिव्याच्या उजेडात नीट दिसेना. शेवटी निळ्या रंगात तिकिटे काढली. लाखेला तंतू नसतात आणि कागदाला असतात, एवढाच हा फरक. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर तिकिटे लागू झाली आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात कोठेही जाऊ लागले.

वर्गातला एक हिशेब

पुढच्या वेळी वर्गात कार्डे कराल तेव्हा एक करून पाहा. अर्ध्या वर्गाने प्रत्येकी एक पूर्ण कार्ड करावे. उरलेल्या अर्ध्याने एस्थरच्या टेबलासारखी रांग लावावी. एकाने घडी घालायची, दुसऱ्याने ठसा मारायचा, तिसऱ्याने जाळी कापायची, चौथ्याने चिकटवायची. अर्ध्या तासात कोणाची किती कार्डे झाली ते मोजा. किती बिघडली तेही मोजा. घड्या घालणारा आणि ठसा मारणारा यांपैकी कोणाला अधिक कंटाळा आला ते विचारा.

मग शेवटी सगळी कार्डे एकत्र मांडा आणि प्रत्येकाला घरी नेण्यासाठी एक निवडायला सांगा. रांगेतल्या मुलांपैकी किती जण 'हे मी केले' असे म्हणून कार्ड उचलतात, आणि कार्डामागे कोणाचे नाव लिहायचे यावर त्यांचे एकमत होते का, हे जरूर पाहा.