ठराव झाला, वाडा गेला

आज आम्ही पुण्यातल्या एका वाड्याची गोष्ट सांगणार आहोत, कारण तिच्यातून आपल्या गावासाठी घेण्यासारखं खूप आहे.

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या देवळासमोर भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. जागा दिली तात्यासाहेब भिड्यांनी. शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई तेव्हा अवघ्या १७ वर्षांच्या. मिशनऱ्यांच्या शाळा आधीही होत्या. पण ही आपल्याच माणसांनी, आपल्याच लोकांचा विरोध सोसून काढलेली. आज बचत गटाच्या वहीत आपण अंगठा न उठवता सही करतो, त्याची मुळं अशा जागांत आहेत.

पुढे वाड्याची मालकी बदलली, खाली दुकानं आली. २००६ मध्ये पुणे महापालिकेने तिथे स्मारक करायचा ठराव केला. दुकानदारांच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. तारखांवर तारखा पडल्या, पाऊस काही थांबला नाही. लाकूड कुजलं, वाडा मोडकळीला आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांची याचिका फेटाळली आणि डिसेंबरात वाडा पाडला गेला. स्मारकाला जागा मिळाली. पण ज्या भिंतींनी मुलींचे पाढे ऐकले, त्या राहिल्या नाहीत.

नुसत्या ठरावाने काय होतं, हे आपल्या महाडला कुणी शिकवायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे ओंजळीत पाणी आलं. पुढे नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. ठरावामागे माणसं उभी राहावी लागतात.

तळं वाट बघू शकतं, घर बघू शकत नाही. आपल्या मुसळधार पावसात एक कौल फुटलं की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत. म्हणून तर आपण दर वर्षी मिरगाआधी घर शाकारतो. मग गावच्या जुन्या शाळेचं, चावडीचं छप्पर कोण बघतं? दुर्लक्ष करायचं आणि मग धोकादायक म्हणून पाडायचं, हे किती दिवस चालायचं?

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे विचारा: ही इमारत पंचायतीच्या नोंदीत कुणाच्या नावावर आहे? इंजिनिअरने शेवटची कधी तपासली? दुरुस्तीला किती खर्च येईल? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारा. इमारत खरंच धोक्याची असेल, तर मुलांना आधी बाहेर काढा. जिवापेक्षा भिंत मोठी नाही. पण निदान फोटो काढून ठेवा, म्हाताऱ्या माणसांकडून तिची हकिकत लिहून घ्या.

पाऊस यायच्या आत एवढं करूया, मैत्रिणींनो.