गाजरगवत पुण्यात नेमकं कधी आलं?

थिसिसच्या पहिल्या प्रकरणात 'पार्श्वभूमी' नावाचा एक भाग असतो. आपण सायन्सवाले तो शेवटच्या आठवड्यात उरकतो. मीही तेच केलं. माझा विषय पुण्यातल्या एका उपनगरातले हवेतले परागकण आणि मोसमी अ‍ॅलर्जी, त्यामुळे गाजरगवताला वगळून चालणार नव्हतं. मी लिहून टाकलं, 'हे तण अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाबरोबर भारतात आलं.' गाइडनी समासात एकच शब्द लिहिला: तारीख?

तुम्हीही हे वाक्य शाळेत ऐकलं असेल. मग तारखा शोधायला बसले. पीएल-४८० हा कायदा जुलै १९५४ चा, आणि भारताशी त्याखालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पण पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर तुरळक उगवलेलं हे झाड प्रा. परांजपे यांना दिसलं १९५१ साली. आर. एस. राव यांनी 'भारतासाठी नवी नोंद' म्हणून ते प्रसिद्ध केलं १९५६ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. म्हणजे गहू यायच्या आधीच झाड हजर! त्यातही पुढे लक्षात आलं की नोंद तितकी नवी नव्हतीच. रॉक्सबर्गच्या १८१४ च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांच्या यादीत, पार्थेनियम आहे. डेहराडूनच्या हर्बेरियममध्ये १८८० चा वाळवलेला नमुनाही आहे.

मग गहू निर्दोष सुटला का? तसंही नाही. अमेरिकेचं धान्य १९५१ च्या कर्जातूनही आलं होतं, आणि एखादं तण एकाच देशात अनेकदा येऊ शकतं. माझं मत विचाराल तर पीएल-४८० ने हे तण पहिल्यांदा आणलं असं म्हणता येत नाही. पसरायला मदत केली असेल, एवढंच. पण लोकांच्या डोक्यात गोष्ट पक्की बसली. 'काँग्रेस गवत' हे नाव तिच्यामुळे पडलं असं कुणी सांगतं, तर कुणी म्हणतं पांढरी फुलं गांधीटोपीसारखी दिसतात म्हणून. चटकचांदणी हे नाव जास्त गोड आहे, पण ते फार कुणी वापरत नाही.

आता अ‍ॅलर्जीकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. साठच्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक विचित्र त्वचादाह घेऊन माणसं येऊ लागली. चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी लाल, खाजऱ्या, मग जाड आणि काळपट. प्रौढ पुरुष जास्त, बायका कमी, मुलं अगदीच थोडी. लोणकर आणि सहकाऱ्यांनी याचा माग गाजरगवतापर्यंत नेला. त्यांचा १९७४ चा पेपर आजही वाचण्यासारखा आहे. या झाडाच्या अंगावरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड वाळलं की त्याचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो आणि अंगावर बसतो. हात लावायचीही गरज नाही.

माझे आजोबा रिकाम्या प्लॉटवर रखवालदार होते. त्यांना वर्षानुवर्षं 'उन्हाची अ‍ॅलर्जी' आहे असं सांगितलं गेलं. छत्री, टोपी, मलमं, सगळं झालं. आता तुम्ही विचार करा, उन्हाने होणारा दाह आणि हवेतल्या धुळीने होणारा दाह वेगळे कसे ओळखाल? दोन्ही उघड्या भागांवरच होतात. उत्तर सावलीत आहे. पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग इथे ऊन फारसं पोचत नाही, धूळ मात्र आरामात पोचते. आजोबांच्या पापण्या कायम सुजलेल्या असायच्या. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

उन्हावर खापर फोडणं काही आपल्याकडचंच नाही. जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली लंडनमध्ये स्वतःच्या उन्हाळी सर्दीचं वर्णन केलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं उष्णता आणि प्रकाश यांच्यावरच संशय होता. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतः त्याच दुखण्याने बेजार होते. त्यांनी ग्लिसरीन लावलेल्या काचा उघड्यावर ठेवल्या, रोजचे परागकण मोजले आणि आपल्या शिंकांशी ताडून पाहिले. वरच्या हवेत काय आहे ते बघायला पतंगाला काचा बांधून उडवल्या! १८७३ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे. गवताचे परागकण दोषी ठरले, ऊन सुटलं.

आज आपण वापरतो ते यंत्र हर्स्ट यांनी १९५२ साली मांडलेल्या रचनेवरचं आहे. मिनिटाला १० लिटर हवा ओढायची, तासाला २ मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर कण पकडायचे. हे यंत्र साधारणपणे गच्चीवर ठेवतात, म्हणजे आसपासच्या मोठ्या भागाची सरासरी मिळते. पण गाजरगवताचे परागकण बऱ्याचदा शेकड्यांनी एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने सुटतात. असे गठ्ठे जड, ते झाडाजवळच पडतात. १९९१ साली बंगळुरूच्या संशोधकांनी याच परागकणांमुळे शिंका आणि नाक वाहण्याचा त्रास होतो हे रुग्णांवर तपासून दाखवलं. म्हणजे शहराच्या आकड्यात हे कण कमी दिसले, तरी ज्याची खिडकी रिकाम्या प्लॉटकडे उघडते त्याचं नाक वेगळंच सांगणार.

म्हणून मी गच्चीवरच्या यंत्राबरोबर कंपाउंडच्या भिंतीवर, साधारण नाकाच्या उंचीला, साध्या ग्लिसरीनच्या काचाही ठेवते. ब्लॅकलींच्याच पद्धतीने. अशा काचांवरून घनमीटरचा आकडा काढता येत नाही, कारण किती हवा त्यांच्यावरून गेली ते कळत नाही. मेथड्समध्ये हे स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर परीक्षक तिथेच धरतात.

पार्श्वभूमीतलं वाक्य आता असं आहे: '१९५१ मध्ये पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर आढळ, १९५६ मध्ये नोंद प्रसिद्ध.' गाइडनी त्याखाली लिहिलंय, कुठला ढीग? तूर्त त्यांना भेटायचं टाळतेय.

आणि हो, फील्डवर्कला जाणार असाल तर गाजरगवत फुलायच्या आत, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच. वाळलेल्या झाडांना झाडू लावू नका.