पहिला मोहरा पडल्यावर: शिराळा, १६८९ आणि स्वराज्याची दुसरी फळी

१/ फेब्रुवारी १६८९. संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश मुकर्रबखानाच्या हाती सापडले. या झटापटीत म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडले. कैद्यांना घेऊन मोगली तुकडी घाट चढून बहादूरगडाकडे निघाली. तिचा एक मुक्काम बत्तीस शिराळ्याच्या भुईकोटात पडला, असे शिराळ्याची परंपरा सांगते. ज्योत्याजी केसरकर, तुळाजी देशमुख आणि त्यांचे सोबती यांनी तेथेच राजांना सोडविण्याचा प्रयत्न केला, ही आठवण गावाने आजवर जपली आहे.

२/ प्रयत्न फसला. ११ मार्च १६८९ रोजी भीमेकाठी संभाजी महाराजांची हत्या झाली. शिराळ्याची आठवण ऐकताना मन सहज म्हणते की तेथे यश आले असते तर इतिहास बदलला असता. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न याहून वेगळा आहे. सुटका झाली नाही, राजा गेला, तरीही राज्य का बुडाले नाही?

३/ या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास एका आधुनिक खेळाची मदत होते. अमेरिकेत फँटसी फुटबॉल नावाचा खेळ लोकप्रिय आहे. खेळणारा खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडतो आणि मैदानावरील त्यांच्या कामगिरीवर त्याचे गुण ठरतात. त्याच्या 'डायनेस्टी' प्रकारात संघ दरवर्षी नव्याने निवडला जात नाही. तोच संघ वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

४/ 'सुपरफ्लेक्स' नियमानुसार चढाईचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक एकाऐवजी दोन उतरविता येतात. व्यावसायिक संघ ३२, म्हणजे एका वेळी मैदानावर असणारे सूत्रधारही साधारण तितकेच. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने दोन खेळविले तर २४ तेथेच संपतात. म्हणून जाणकार खेळाडू तिसरा सूत्रधार आधीच जवळ बाळगतो. पहिला जायबंदी झाल्यावर शोध घेणाऱ्यास बाजारात कोणी उरलेले नसते.

५/ सतराव्या शतकातील राज्यांत सर्वांत दुर्मिळ जागा होती राजाची. ती रिकामी झाली की काय होते, हे दख्खनने नुकतेच पाहिले होते. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले, सिकंदर आदिलशहा कैद झाला आणि आदिलशाही संपली. पुढच्याच वर्षी गोवळकोंडा पडला, अबुल हसन कैद झाला आणि कुतुबशाही संपली. दोन्हीकडे फौजा होत्या, किल्ले होते, अनुभवी सरदारही होते. सुलतानाच्या पाठीमागे राज्य चालविणारी फळी मात्र उभी राहू शकली नाही. अनेक सरदार मोगली मनसब घेऊन मोकळे झाले.

६/ औरंगजेबाचा हिशेब याच अनुभवावर आधारलेला होता. राजा हाती आला, आता राजधानी घ्यावी, म्हणजे मराठी राज्याचेही तेच होईल. २५ मार्चच्या सुमारास इतिकादखानाने, म्हणजे पुढच्या झुल्फिकारखानाने, रायगडास वेढा घातला. त्या वेळी गडावर येसूबाई, सात वर्षांचे शाहू आणि एकोणीस वर्षांचे राजाराम असे संपूर्ण राजकुटुंब होते. एक किल्ला पडला असता तर सारे वारस एकाच दिवशी शत्रूच्या हाती गेले असते.

७/ येथे पहिला निर्णायक निर्णय झाला. संभाजी महाराज कैदेत असतानाच, फेब्रुवारीत, राजारामांचे मंचकारोहण झाले होते. आता येसूबाईंनी शाहूंसह रायगडावर राहावे आणि राजारामांनी बाहेर पडावे असे ठरले. एप्रिलच्या आरंभी राजाराम प्रतापगडाकडे निघाले. वारस दोन असून ते एकाच छताखाली असतील तर संकटाच्या दृष्टीने ते एकच ठरतात. येसूबाईंनी त्यांना वेगळे केले आणि स्वतःच्या वाट्यास धोक्याची बाजू घेतली.

८/ ३ नोव्हेंबर १६८९ रोजी रायगड पडला. येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. तोवर राजाराम पन्हाळ्याहून निघून, केळदीच्या राणी चेन्नम्माच्या मुलखातून वाट काढीत, दक्षिणेत पोहोचले होते. त्यांचे ठिकाण होते जिंजी. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी घेतला आणि मजबूत केला होता. बारा वर्षे बाजूस असलेली ही राखीव जागा संकटाच्या दिवशी राजधानी झाली.

९/ परंतु जिंजीत बसून सह्याद्री सांभाळता येत नव्हता. म्हणून अधिकाराचीही वाटणी झाली. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे आला आणि त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब मिळाला. त्यांच्या जोडीस शंकराजी नारायण सचिव होते. परशुराम त्रिंबक या काळातच पुढे आले. जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे नवे पद निर्माण झाले.

१०/ यातील महत्त्वाची गोष्ट अशी की रामचंद्रपंतांस दिलेला अधिकार खरा होता. प्रत्येक निर्णयासाठी शेकडो मैलांवरील जिंजीहून आज्ञा येण्याची वाट पाहिली असती तर युद्ध तेथेच संपले असते. फौजा उभारणे, किल्ले परत घेणे, सरदारांस सनदा देणे ही कामे त्यांनी विशाळगडाच्या आसऱ्याने केली. राखीव माणूस केवळ नावापुरता असेल तर तो वेळेवर उपयोगी पडत नाही. त्यास आधीपासून काम करू द्यावे लागते.

११/ रणांगणावरही दोन सूत्रधार होते. एक संताजी घोरपडे, संगमेश्वरी पडलेल्या म्हाळोजींचे पुत्र. दुसरे धनाजी जाधव. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रामचंद्रपंत, शंकराजी, संताजी आणि धनाजी यांनी मिळून रुस्तुमखानास कुटुंबासह पकडले. संगमेश्वराच्या घटनेस तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. पुढे १६९५ च्या अखेरीस संताजींनी दोड्डेरी येथे कासिमखानाची फौज कोंडून शरण आणली आणि जानेवारी १६९६ मध्ये हिंमतखानास बसवापट्टणजवळ ठार केले.

१२/ ही फळी टिकवून ठेवणे सोपे नव्हते. मोगल मनसब देऊ करीत होते. स्वराज्याकडे रोख पैसा नव्हता. तेव्हा जून १६९१ मध्ये राजारामांनी हणमंतराव व कृष्णाजी घोरपडे यांस लिहून दिले की रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि थेट दिल्ली जिंकल्यास अमुक सरंजाम मिळेल. राजा जिंजीत अडकलेला आणि वचन दिल्लीचे! वर्तमानात देण्यासारखे फार नसल्याने माणसांस भविष्यातील वाटा देऊन बांधून ठेवणे, हाच उपाय उरला होता. वतन व सरंजामांच्या बाबतीत शिवाजी महाराजांनी पाळलेली शिस्त मात्र यामुळे सैल झाली आणि तिचे परिणाम पुढे शतकभर राहिले.

१३/ याहून जड किंमत संताजी-धनाजींच्या वैराची होती. एकाच जागेस दोन समर्थ माणसे असली की जागेवरून तंटा होतो. १६९६ मध्ये राजाराम आणि संताजी यांच्यात वितुष्ट आले, सेनापतिपद धनाजींकडे गेले आणि मराठी फौजा परस्परांशी लढल्या. १६९७ मध्ये संताजींचा म्हसवडच्या नागोजी मान्यांकडून वध झाला. जे काम औरंगजेबाच्या एकाही सेनापतीस जमले नाही, ते घरच्या भांडणाने केले. तरीही सैन्य नेतृत्वहीन झाले नाही, कारण धनाजी होते.

१४/ १६९८ च्या आरंभी जिंजी पडली, पण राजाराम तत्पूर्वीच निसटून महाराष्ट्रात परतले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. अकरा वर्षांत गादी दुसऱ्यांदा रिकामी झाली. वारस चार वर्षांचा बालक. त्याच सुमारास सातारा वेढ्यात होता आणि एप्रिलमध्ये तो पडलाही. तेव्हा पंचविशीतील ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्याजवळ धनाजी, रामचंद्रपंत आणि परशुराम त्रिंबक हे कसलेले सहकारी होते. औरंगजेब एकेक किल्ला घेत गेला आणि मराठी फौजा माळवा-गुजरातपर्यंत जाऊ लागल्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. त्याने घेतलेले अनेक किल्ले त्यापूर्वीच परत गेले होते.

१५/ आणि मग या साऱ्या व्यवस्थेतील शेवटचा गुंता समोर आला. रायगडावर मागे राहिलेले शाहू साडेसतरा वर्षांनी सुटले. १६८९ मध्ये राज्य वाचविण्यासाठी वारस दोन ठिकाणी ठेवले होते. १७०७ मध्ये ते दोन्ही पक्ष गादीवर हक्क सांगत उभे राहिले. ताराबाईंचा पक्ष खेडच्या लढाईत हरला, कारण धनाजी शाहूंकडे गेले होते. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. कोल्हापूरची गादी वेगळी राहिली.

१६/ हा वाद मिटण्यास १७३१ साल उजाडले. शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला आणि दोन राज्यांमधील सीमा म्हणून वारणा नदी ठरली. उत्तरेचा मुलूख साताऱ्याचा, दक्षिणेचा कोल्हापूरचा. शिराळा या नदीच्या उत्तरेस आहे. आजही वारणेपलीकडे कोल्हापूर जिल्हा सुरू होतो.

१७/ शिराळ्याच्या भुईकोटाची आठवण धाडसाची आहे आणि तिचे मोल कमी नाही. परंतु राज्य वाचले ते त्यानंतरच्या महिन्यांतील निर्णयांमुळे: वारस वेगळे ठेवले, दूरची राजधानी आधीच हाती होती, दुय्यम माणसांस खरे अधिकार दिले. विजापूर व गोवळकोंड्यास हे साधले नाही. त्याची किंमत सैल झालेली वतनशिस्त, संताजींसारख्या सेनानीचा अंत आणि दोन गाद्या अशी चुकवावी लागली. दुसरी फळी नसती तर भांडण्यासाठी गादीच उरली नसती, हेही तितकेच खरे. वारणेच्या पुलावरून शिराळ्याकडे येताना दोन्ही गोष्टी ध्यानात असाव्यात.